तलंगा अंड्यावर येताना: अंडी अडणं, बिघडणं आणि आजारपण

सकाळी साडेसहाला खुराड्याचं दार उघडलं तर बसायच्या दांड्याखाली, तुसावर, पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी पडलं होतं. बोटाने दाबलं तर आत बलक हलला. कवच नव्हतंच, नुसता पडदा. तसंच पातेल्यात घालून शेजारच्या आक्कांकडे नेलं. त्यांनी एकदा बघितलं आणि भाकरी थापत राहिल्या. "अगं, तलंग हाय ती. पैलं-दुसरं असंच घालत्यात. चार दिस थांब की."

तलंग म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर येणारी तरुण कोंबडी. मी थांबले नाही. दुकानातून टॉनिक आणलं, बी-कॉम्प्लेक्स आणलं, दुकानदाराने दिलेली प्रतिजैविकाची पुडीही आणली आणि सगळं एकदम पाण्यात कालवलं. पाणी कडू झालं, कोंबड्यांनी पिणं कमी केलं. रोजची चार अंडी एकावर आली. मग जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. औषध लिहून देण्याआधी त्यांनी तीन प्रश्न विचारले: वय किती, खायला काय घालता, आणि पिल्लं कुठून आणली? एकाचंही उत्तर मला नीट देता आलं नाही.

हा लेख त्या तीन प्रश्नांवर उभा आहे. दहा-पंधरा कोंबड्या पाळणारा माणूस अंडी कमी झाली की आधी औषध शोधतो. औषधाचा नंबर खरं तर बराच मागे लागतो. दुसरं असं की तरुण कळपात आज जे बिघडलेलं दिसतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा चार-पाच महिने मागे, पिल्लांच्या वयात असतं.

आधी वय मोजा

गावरान कोंबडी साधारण सहा ते सात महिन्यांनी अंड्यावर येते. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी अशा सुधारित जाती साडेपाच ते सहा महिन्यांत येतात. पिंजऱ्यातली व्यावसायिक लेअर कोंबडी १८ ते २० आठवड्यांतच सुरू होते. तिच्या तारखा परसातल्या कोंबडीला लावल्या की उगाच घोर लागतो. कडकनाथही निवांतच येतो. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तीही टप्प्याटप्प्याने: बारा-पंधरा अंडी घालायची, खुडूक बसायची, पुन्हा सुरू व्हायची. तिच्याकडून रोज अंडं मागणं हा आपला हव्यास झाला. सुधारित जातींकडून दीडशे-पावणेदोनशेची अपेक्षा धरायला हरकत नाही.

गाडीवरून "महिन्याची पिल्लं" म्हणून घेतलेली पिल्लं कधी तीन आठवड्यांची असतात, कधी सहा. म्हणून घेतलेल्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि अंदाजे वय लिहून ठेवा. माझ्याकडे हे नव्हतं, म्हणून डॉक्टरांसमोर गप्प बसावं लागलं.

ऋतूही बघा. तलंगेला अंड्यावर यायला उजेड वाढत जाणारा लागतो, आणि भर अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. ऐन दिवाळीनंतर वयात आलेल्या तलंगा संक्रांतीपर्यंत रेंगाळल्या तर त्यात नवल नाही.

अंडी थांबली आहेत की दुसरीकडे जात आहेत?

मोकळ्या फिरणाऱ्या तलंगा खोक्यातच अंडं घालतील असं मुळीच नाही. सरपणाच्या ढिगामागे, केळीच्या बुंध्यात, गोठ्यातल्या वैरणीत, एकदा तर आमच्या बंद पडलेल्या स्कूटरच्या पायठेवणीवर, अशा जागा त्यांना आवडतात. शंका आली की दोन-तीन दिवस सकाळी दहा-अकरापर्यंत खुराडं उघडू नका. बहुतेक अंडी सकाळच्या वेळातच पडतात. आत अंडी मिळाली की समजा, अंडी चालू आहेत, पत्ता बदलला आहे.

खोकं अंधारं, कोरडं आणि बसायच्या दांड्यापेक्षा खाली हवं, नाहीतर त्या त्यात झोपतात आणि घाण करतात. चार-पाच कोंबड्यांना एक खोकं पुरतं. आत प्लास्टिकचं अंडं किंवा टेबल टेनिसचा चेंडू ठेवला की नव्या तलंगा जागा ओळखतात.

अंडी पळवणारेही असतात. उंदीर आणि घूस अंडं ओढून नेतात, मुंगूस तिथेच फोडून खातं, धामण अख्खं गिळते आणि मागे काहीच ठेवत नाही. खोक्यात ओला बलक आणि कवचाचे तुकडे दिसले तर कोंबडीच अंडी खात असेल. ही सवय मऊ कवचातून लागते: एकदा चुकून फुटलं, चव कळली, मग मुद्दाम. अशा वेळी दिवसातून तीनदा अंडी उचला आणि कवच सुधारा. चोच जाळायच्या भानगडीत पडू नका.

हातात घेऊन बघा

हे शिकलात तर निम्मी शंका दाराशीच मिटते. रात्री कोंबड्या दांड्यावर बसल्या की एकेक उचला. त्या वेळी त्या शांत असतात. कोंबडी डाव्या काखेत, तोंड मागच्या बाजूला, पाय त्याच हाताच्या बोटांत. उजव्या हाताने शेपटीखालची पिसं बाजूला करा. मागच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामधल्या जागेत एकच बोट मावत असेल आणि हाडं कडक असतील तर ती तलंग अजून अंड्यावर आलेली नाही. दोन-तीन बोटं मावत असतील, हाडं लवचीक असतील, आणि मागची वाट मोठी, ओलसर, आडवी पसरलेली असेल तर ती घालते आहे किंवा आठवड्याभरात घालेल. गोल, लहान, कोरडी, सुरकुतलेली असेल तर बंद आहे.

तिथून हात पोटाखाली न्या. मऊ, सैल पोट चांगलं. टणक चरबीचा थर लागला तर खाद्य जास्त होतंय. पाण्याच्या पिशवीसारखं डुचमळलं, किंवा आत दगडासारखा गोळा लागला, तर डॉक्टरांना दाखवा. मग छातीचं हाड: दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं हवं. ते सुरीच्या पात्यासारखं वर आलं असेल तर ती कोंबडी कित्येक दिवस आजारी आहे आणि पिसांमुळे तुम्हाला कळलेलं नाही. शेवटी तुरा. अंड्यावर आलेल्या तलंगेचा तुरा लालभडक, जाड आणि हाताला गरम लागतो.

आणखी एक खूण हात न लावता दिसते. वयात आलेली तलंग तुम्ही जवळ गेलात की पळण्याऐवजी पंख किंचित पसरून खाली दबकते. ती दबकायला लागली की पहिलं अंडं फार लांब नाही.

खाद्य: इथेच बहुतेकांचं चुकतं

एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात, आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो. म्हणजे कोंबडी झोपलेली असताना तिला कॅल्शियम लागतं. खाद्यातून मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. काही दिवस अंडी चांगली येतात, मग कवच पातळ होतं, मग मऊ अंडी, आणि शेवटी कोंबडी पायावर उभी राहीना. आपल्याला वाटतं पायाचा रोग झाला.

उरलेला भात, पोळीचे तुकडे, तांदळाची कणी, थोडी ज्वारी एवढ्यावर गावरान कोंबडी जगते, कारण बाकीचं ती उकिरड्यावर किडे खाऊन भरून काढते. जाळीत बंद असलेल्या सुधारित तलंगेला ते जमत नाही. तिला अंड्यावर आल्यावर दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं, त्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम. बाजारातल्या लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या भरडलेल्या खाद्यात, हे सगळं असतं. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी मूठभर, म्हणजे ४०-५० ग्रॅम मॅश दिला तरी फरक दिसतो.

शिंपल्याचा चुरा, म्हणजे दुकानात ज्याला शेलग्रिट म्हणतात तो, वेगळ्या वाडग्यात कायम ठेवा. खाद्यात मिसळू नका. जिला हवा ती खाते, बाकीच्या ढुंकून बघत नाहीत. भरड तुकडे घ्या: ते दाणे दळणाऱ्या पोटात रात्रभर टिकतात आणि हळूहळू विरघळतात. पीठ असेल तर ते झोपायच्या आत निघून जातं. घरची अंड्याची कवचं चालतात, पण तव्यावर भाजून, चुरून. अर्धं कवच तसंच टाकलंत की अंडी खायची शिकवणी तुम्हीच दिलीत.

आता उलटी चूक. "लवकर अंड्यावर येतील" म्हणून तीन महिन्यांच्या पिल्लांना लेअर मॅश घालतात. एवढं कॅल्शियम त्या वयात मूत्रपिंडावर जातं आणि तलंगा आतून कायमच्या अधू होतात. पहिलं अंडं दिसेपर्यंत ग्रोअर, म्हणजे वाढत्या वयाचं खाद्य, मग आठवड्याभरात बदल करत लेअर.

सुकट-जवळा कोंबड्या तुटून खातात आणि प्रथिनं म्हणून ते उत्तमच, पण खारवलेलं असेल तर धुऊन, थोडंच. मिठाचं प्रमाण वाढलं की पाणी पाणी करतात, पातळ हगतात, पिल्लं तर मरतातही. पावसाळ्यात मका आणि शेंगदाण्याची पेंड हातात घेऊन वास घ्या. कुबट वास, हिरवट बुरशी दिसली तर ते कोंबडीला "चालतं" हा समज सोडा. त्या बुरशीचं विष यकृतावर बसतं, अंडी घटतात आणि लसही नीट लागू पडत नाही.

पाण्याचं थोडक्यात: खाद्याच्या दुप्पट, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. काही तास पाणी संपलेलं राहिलं तर त्याचा फटका पुढचे कित्येक दिवस अंड्यात दिसतो. एप्रिल-मे महिन्यात मातीच्या परळात, सावलीत, दिवसातून दोन-तीनदा बदलून द्या. पारा ३५ च्या वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारा कच्चा माल कमी पडतो. म्हणून उन्हाळ्यात शिंपले घालूनही कवच पातळच येतं. तेव्हा छपरावर ओलं गोणपाट आणि सकाळी लवकर खाद्य हाच उपाय.

दिवा लावायचा असेल तर वीस आठवड्यांनंतर, आठवड्याला अर्धा तास वाढवत, शक्यतो पहाटेच्या बाजूला. वर्तमानपत्र जेमतेम वाचता येईल इतका उजेड खूप झाला. त्याआधी उजेड वाढवलात तर अंग तयार नसताना अंडं येतं, आणि पुढे सांगणार आहे ते दुखणं ओढवतं.

अंडं काय सांगतं

पहिल्या महिन्यातली अंडी माफ. लहान, बिनबलकाचं, दोन बलकांचं, मऊ, कवचावर रक्ताची रेघ असलेलं, यातलं काहीही येऊ शकतं. तलंगेचं यंत्र अजून बसायचं असतं. आक्का म्हणाल्या ते त्या एका अंड्यापुरतं खरंच होतं. बलकावरचा रक्ताचा ठिपका म्हणजे एखादी बारीक शीर फुटलेली असते, अंडं खायला हरकत नाही.

महिन्यानंतरही मऊ अंडी येत असतील तर कॅल्शियम, ऊन किंवा भीती. रात्री कुत्रं खुराड्याभोवती फिरलं, शेजारी डीजे वाजला, की दुसऱ्या दिवशी मऊ किंवा वेडंवाकडं अंडं ठरलेलं. सुरकुत्या पडलेलं कवच आणि आत पाण्यासारखा पांढरा भाग, तोही एकीचा नाही तर कित्येकींचा, हे मात्र वेगळं आहे. सोबत शिंका, घरघर असेल तर संसर्गजन्य ब्रॉन्कायटिसची शंका घ्या. आणि दोन-तीन दिवसांत सगळ्या कळपाची अंडी एकदम कोसळली तर खाद्याचा विचार बाजूला ठेवून मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा, विचार करा.

अंडं अडकलं तर

तलंग दुपारभर एकाच जागी, शेपूट खाली, अंग ताठ, उभी. मध्येच कळ दिल्यासारखं करते, खात नाही, खोक्यात जाते आणि येते. पाठीमागून बघितलं तर पोट खाली ओघळलेलं. अशा वेळी दिवस घालवू नका. २४ तास उलटले की जगणं कठीण होत जातं.

कोमट पाणी घ्या, बाळाच्या अंघोळीइतकं. टबात कोंबडीचं पोट आणि मागचा भाग बुडेल असं वीस-तीस मिनिटं धरून ठेवा. सुरुवातीला धडपडते, मग बहुतेक जणी डोळे मिटून शांत बसतात. नंतर टॉवेलने टिपून, हातमोजा घालून, मागच्या वाटेला आतून-बाहेरून खोबरेल किंवा एरंडेल हलकेच लावा. दिव्याखाली उबदार, अंधाऱ्या खोक्यात एकटीला ठेवा. पाण्यातून द्रव कॅल्शियम द्या. तासा-दोन तासांत बहुधा अंडं पडतं. नाही पडलं तर पुन्हा एकदा शेक, आणि तरी नाही तर डॉक्टर. बाहेरून दाबून अंडं काढायचा किंवा आत फोडायचा प्रयत्न करू नका. कवचाची धार आत लागली की पुढे इलाज उरत नाही.

कधी अंड्याबरोबर आतला लाल भागही बाहेर येतो. हे फार लवकर अंड्यावर आलेल्या किंवा चरबी चढलेल्या तलंगेत दिसतं. पहिलं काम: तिला लगेच वेगळी करा. बाकीच्या तो लाल रंग बघून टोचतात आणि अर्ध्या तासात आतडं ओढून काढतात. स्वच्छ पाण्याने धुऊन, साखरेचं दाट पाणी लावून ठेवलं की सूज उतरते, मग तेलाच्या बोटाने हलकेच आत सारता येतं. अशा कोंबडीला आठवडाभर अंधाऱ्या जागी, कमी खाद्यावर ठेवतात, म्हणजे अंडी थांबून ती जागा भरून येते.

आजारी दिसली की पहिला तास

सकाळी दार उघडताना एक नजर पुरते. सगळ्या उड्या मारत बाहेर पडतात आणि एक मागे राहते, मान आत ओढून, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. ती आजारी आहे. कोंबडी शेवटपर्यंत दुखणं लपवते, त्यामुळे आज दिसलं म्हणजे काल-परवा सुरू झालेलं.

तिला डालग्याखाली किंवा खोक्यात, इतरांपासून दूर, उबेला ठेवा. लिटरभर पाण्यात जलसंजीवनीची पुडी घालून समोर ठेवा. मग गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा: सकाळी ती रिकामी हवी. टणक गोळा असेल तर चारा अडकलाय, आणि पाण्याने भरून आंबट वास येत असेल तर आत आंबलंय. नाक, डोळे, तोंडातला भाग, पायाचे तळवे बघा. शीट बघा. वर पांढरा डाग असलेली घट्ट शीट चांगली. दिवसातून एक-दोनदा तपकिरी, चिकट, घाण वासाचीही पडते, तिला घाबरू नका. रक्ती, हिरवी पाण्यासारखी, किंवा पिसांना चिकटलेली पांढरी, या तीन बघून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टरांना वर्णनापेक्षा फोटो जास्त सांगतो.

पिसांच्या मुळाशी, विशेषतः मागच्या वाटेभोवती, पांढरट गुठळ्या दिसल्या तर उवांची अंडी. लाल पिसवा दिवसा अंगावर नसतात. रात्री टॉर्च घेऊन दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा: लाल डाग उठले तर बांबूच्या भेगांत त्यांची वस्ती आहे. एवढ्याशा किड्याने तलंगेचं इतकं रक्त जातं की तुरा पांढुरका पडून अंडी बंद होतात. खुराडं रिकामं करून भेगा भरा, चुना मारा, दांडे उन्हात काढा, आणि कोंबड्यांना लोळायला राख-मातीचा खड्डा करून द्या. अंगावर मारायचं औषध मात्र विचारूनच. शेतातलं कीटकनाशक कोंबडीवर वापरणारे लोक मी बघितलेत, आणि दुसऱ्या दिवशीचं खुराडंही बघितलंय.

जंतांचं औषध दोन-तीन महिन्यांनी एकदा, पावसाळ्यात न चुकता, आणि लसीच्या आठवडाभर आधी.

कोणता रोग

रक्ती हगवण तीन आठवडे ते तीन-चार महिने या वयातली. जून-जुलैत तूस ओलं झालं की तीन-चार दिवसांत दिसते: पिल्लं गोळा होऊन बसतात आणि शीटेत रक्त. औषध ॲम्प्रोलियम, पाण्यातून, पाकिटावरच्या मात्रेत. ते चालू असताना बी-कॉम्प्लेक्स देऊ नका. ॲम्प्रोलियम त्या जंतूला बी-१ मिळू देत नाही, म्हणून काम करतं. वरून तुम्ही बी-१ पाजलंत तर औषधाचा जोर ओसरतो. आमच्याकडे दुकानदार दोन्ही एकाच पिशवीत बांधून देतात. आणि तूस बदलल्याशिवाय औषधाचा उपयोग चार दिवसांपुरताच.

मानमोडी म्हणजे राणीखेत. १९२७ च्या सुमारास आजच्या उत्तराखंडातल्या राणीखेतला ती दिसली म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. हिरवी पातळ हगवण, धाप, मग मान वळणं, गोल फिरणं, पाय लुळे. बिनलसीच्या कळपात दहातले आठ-नऊ पक्षीही जातात. हा विषाणू आहे, यावर औषध नाही. कांदा, लसूण, दारूचे थेंब, सगळं लोक करतात. जी वाचते ती स्वतःच्या बळावर. वाचलेलीची मान कधीकधी वाकडीच राहते.

सर्दीचे प्रकार अनेक. डोळ्यात फेस, चेहऱ्यावर सूज आणि नाकातून घाण वास येणारा स्राव असेल तर कोरायझा, जिवाणूंचा, त्यावर औषध आहे. देवीचे फोड तुऱ्यावर, डोळ्यांभोवती येतात, डासांमुळे पसरतात. हळद-तेल किंवा आयोडीन लावून, खाणं-पाणी चालू ठेवलं तर तीन-चार आठवड्यांत खपल्या पडतात. खपल्या ओढून काढू नका. फोड तोंडात-घशात गेले तर मात्र अवघड. माणसाला हे लागत नाही. एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलेली तीन-चार महिन्यांची तलंग म्हणजे बहुधा मरेक. त्याची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात द्यावी लागते, नंतर उपयोग नाही.

लसी, आणि शंभर मात्रांची बाटली

पहिल्या दिवशी मरेक. ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. १४ व्या दिवसाच्या आसपास गंबोरो या पिल्लांच्या विषाणूजन्य रोगाची. २८ व्या दिवशी पुन्हा लासोटा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची. आठ ते दहा आठवड्यांत आरटूबी, हीही मानमोडीचीच, टोचून. आणि अंड्यावर येण्याआधी, सोळा-अठरा आठवड्यांत, पुन्हा एकदा. आरटूबी जोरकस लस आहे. लहान पिल्लांना सोसत नाही आणि अंड्यावरच्या कोंबडीला दिली तर अंडी घटतात. तुमच्या भागातलं वेळापत्रक सरकारी दवाखान्यात ताडून घ्या.

अडचण अशी की बाटली शंभर किंवा जास्त मात्रांची आणि आपल्या कोंबड्या बारा. उघडलेली बाटली दोन तासांत संपवायची असते, उद्यासाठी ठेवता येत नाही. आम्ही गल्लीतल्या सहा घरांनी एक वार ठरवला. एक जण थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली आणतो, सकाळी सातला सगळ्यांच्या कोंबड्या उरकतात. लस २ ते ८ अंशांतच ठेवायची. उन्हातून खिशात आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. पाण्यातून द्यायची तर आधी दोन-तीन तास पाणी बंद, नळाचं क्लोरीनचं पाणी नको, आणि लिटरला ५ ग्रॅम साय काढलेली दूध पावडर. लासोटानंतर दोन-तीन दिवस थोड्या शिंका येतात, त्याला औषध नको. आधीच आजारी असलेल्या पक्ष्याला लस देऊ नका.

पिल्लं घेताना कोणत्या लसी झाल्यात ते विचारा. पुण्यात खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, तिथे हे सांगतात. आणलेली पिल्लं जुन्या कोंबड्यांत लगेच सोडू नका. महिनाभर वेगळं खुराडं, वेगळं भांडं, आणि खाद्य घालताना आधी जुन्या, मग नव्या.

अचानक मरू लागल्या तर

एका-दोन दिवसांत अनेक पक्षी कसलंही लक्षण न दाखवता मेले, तुरे निळे-काळे पडले, तर हात लावणं थांबवा. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये आपल्याच नवापूरला सापडला होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात पुन्हा कोंबड्या मेल्या. मेलेली कोंबडी कापू नका, खाऊ नका, ओढ्यात टाकू नका, विकू तर नकाच. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. एरवीही एखादी मेली आणि कारण कळलं नाही तर ताजी असताना, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, बर्फावर ठेवून शवविच्छेदनाला नेता येते. पुण्यात औंधला खात्याचा पशुरोग अन्वेषण विभाग आहे. एका मेलेलीवरून उरलेल्या अकरा वाचतात, हे मी अनुभवाने सांगते.

प्रतिजैविकं दुकानातून सहज मिळतात, म्हणून सांगते. कोलिस्टिन खाण्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना देण्यावर भारतात २०१९ पासून बंदी आहे. बाकीची औषधं दिलीत तर किती दिवस अंडी खायची नाहीत ते डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर लिहा. तेवढे दिवस अंडी पुरून टाका. शेजारच्या लेकराला "गावरान अंडं" म्हणून तेच देऊ नका.

ठेवायची की काढायची

खुडूक बसलेली आजारी नसते. उबवायची नसेल तर जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खालून वारा लागेल असं तीन-चार दिवस ठेवा, खाद्य-पाणी चालू. माझी आजी नाकात पीस घालायची. कोंबडीला त्रास होतो, तसं करू नका.

आमच्या बारांपैकी तांबडी मात्र कशातच बसली नाही. तुरा लाल, दोन बोटं जागा, वजन चांगलं, उवा नाहीत, आठ महिने झाले तरी अंडं नाही. डॉक्टरांचा तिसरा प्रश्न, पिल्लं कुठून आणली, तो तिच्याबद्दल होता. गाडीवरून घेतलेल्या त्या पिल्लांना पहिल्या पंधरवड्यात सर्दी झाली होती. चार गेली, बाकीची बरी झाली, आम्ही विसरलो. ब्रॉन्कायटिस इतक्या लहान वयात झाला तर अंड्याची नळी वाढतच नाही. कोंबडी दिसायला धडधाकट, बलकही सुटतात, पण ते नळीत न शिरता पोटात पडतात. त्यावर औषध नाही, टॉनिक नाही, आणि ती कधी अंडं देणार नाही. धंदा म्हणून पाळत असाल तर अशी कोंबडी लवकर ओळखून काढा, रोजचं शंभर ग्रॅम खाद्य वाचतं.

आम्ही अजून काढलेली नाही. रोज नऊच्या सुमारास ती खोक्यात जाते, तूस सारखं करते, अर्धा तास बसते, उठून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते. मी जाऊन बघते. खोकं रिकामं.